चहाला या, यादीसकट

अ‍ॅमस्टरडॅममध्ये कुणाला चहाला बोलावलं की आधी तारीख येते, मग यादी येते आणि माणूस सगळ्यात शेवटी. तारखेचं एक वेळ समजू शकतं. इथे प्रत्येकाची डायरी असते, आणि डायरीत नसलेली बेल वाजली की घरातल्याला वाटतं, नक्की खालच्या मजल्यावर पाणी गळतंय. यादीची सवय व्हायला मात्र वेळ लागतो, कारण तीत पाहुणा काय खातो ते नसतं, काय खात नाही ते असतं. एकीला दूध, तूप, दही, मध नको. एकाला गहू, जव, राय नको. एकीला शेंगदाण्याचा वाससुद्धा नको. एका घराला जिलेटिन नको आणि इसेन्समधला अल्कोहोलचा थेंबही नको. हे सगळं एकाच टेबलावर, तीन ते पाच या वेळात.

नव्याने आलेल्या मराठी बाईला ही यादी वाचून घाम फुटतो. तिच्या चहाच्या डब्यांत असतं तरी काय? खारी, टोस्ट, बटर, नानकटाई, क्रीमरोल, पारले-जी आणि पुण्याहून कुणी आलंच तर कयानीची श्रूजबेरी. म्हणजे मैदा, मैदा, लोण्यातला मैदा आणि क्रीम भरलेला मैदा. व्हीगन आणि ग्लूटेन-फ्री माणसाला आपल्या चार वाजताच्या चहाला बसवलं तर त्याच्यापुढे फार तर बशी ठेवता येईल. तीही रिकामी.

तरीही माझं मत असं की या यादीला तोंड द्यायला मराठी घराइतकं तयार घर दुनियेत नसेल. हे मत माझं एकटीचं नाही. त्यामागे नव्वद दिवसांच्या शेंगेन व्हिसावर पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई आहेत.

आम्ही राहतो झुइडओस्टमध्ये, म्हणजे शहराच्या आग्नेयेला. नकाशात पाहिलं तर हा भाग अ‍ॅमस्टरडॅमला चिकटलेलाही नाही. मध्ये दुसऱ्या गावांची हद्द येते. इथली बहुतेक मराठी मंडळी आम्स्टेलवेनला राहतात. तिथे शेवग्याच्या शेंगा मिळतात, गणपतीची आरास मिळते आणि ‘तुम्ही तिकडे का बरं राहता?’ हा प्रश्न फुकट मिळतो. उत्तर सोपं आहे. नवऱ्याचं ऑफिस फुटबॉलच्या स्टेडियमजवळ आहे आणि त्याला चालत जाता येतं. शिवाय इथल्या घराच्या भाड्यात आम्स्टेलवेनला बाल्कनी मिळते, घर मिळेलच असं नाही.

झुइडओस्टचा जुना भाग म्हणजे बाइल्मर. साठच्या दशकात नियोजनकारांनी इथे मधमाशांच्या पोळ्याच्या आकारात लांबच लांब उंच इमारती आखल्या. खाली गवत आणि झाडं, वरून मोटारींचे रस्ते, मध्ये प्रत्येक मजल्याला लांबलचक गॅलरी. १९६८ मध्ये पहिली माणसं राहायला आली. डच मध्यमवर्गाने मात्र आराखड्याची तारीफ केली आणि बागेसकट घरं घेतली दुसऱ्या गावांत. रिकाम्या घरांत आले सुरिनामचे लोक. १९७५ च्या नोव्हेंबरात तो देश स्वतंत्र झाला त्याच्या आगेमागे तर विमानं भरभरून आले. मग घानाचे आले, अँटिलीसचे आले, आणि आता शंभराहून जास्त देशांची माणसं इथे राहतात. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला इथली गॅलरी समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच की शेजारच्या घरातला वास आठवड्यातून सात देश बदलतो.

सप्टेंबरच्या चौथ्या शनिवारी इथे बुरेनडाख असतो, शेजाऱ्यांचा दिवस. शेजाऱ्यांनी एकत्र यावं, चहा-कॉफी घ्यावी, जमल्यास सार्वजनिक वाफ्यातलं तण काढावं. हा सण २००६ मध्ये डौव एख्बर्ट्स या कॉफी कंपनीने सुरू केला. आपल्याकडे सण आधी असतो आणि कंपन्या मागून जाहिराती घेऊन येतात. इथे कंपनीने वेळ वाचवला. २०२५ मध्ये हा शनिवार आला २७ तारखेला. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी उत्साहाने लिहून टाकलं, ‘चहा आणि सोबतचं आमच्याकडे.’ तासाभरात यादी आली. त्या शनिवारी सासूबाईंच्या नवरात्राचा सहावा दिवस असणार होता. घट २२ तारखेला बसले होते.

आधी चहाचं बोलू. डच चहा मुळातच बिनदुधाचा. पेल्यात गरम पाणी, काठावर पुडी, नाहीतर पुदिन्याची अख्खी जुडी उभी, आणि सोबत एक बिस्कीट. एक. डबा उघडतो, सगळ्यांसमोरून फिरतो आणि झाकण लागतं. सासूबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाहेर पडल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “यांच्याकडे काही अडचण आहे का गं? आपण काही पाठवायचं का?”

याच लोकांनी युरोपला चहा आणला, १६१० मध्ये, आपल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून. पुढे १६७८ मध्ये कॉर्नेलिस बोन्टेकू नावाच्या डच डॉक्टराने चहावर एक पुस्तक लिहिलं. रोज आठ-दहा कपांनी सुरुवात करावी, पुढे पन्नास, शंभर, अगदी दोनशे कपांनाही हरकत नाही, असा त्याचा सल्ला. कंपनीने त्याचे हात ओले केले असावेत, अशी कुजबुज तेव्हापासून चालू आहे. हा बोन्टेकू १६८५ मध्ये बर्लिनला वारला. चहाने नव्हे, जिन्यावरून पडून. पण पन्नास कप प्यायलेल्या माणसाला दिवसातून किती वेळा घाईघाईने जिना उतरावा लागत असेल, याचा विचार कुणी इतिहासकाराने केलेला दिसत नाही.

तर काळा चहा आपोआप व्हीगन होता. पण ग्रुपवरच्या सगळ्यांना हवा होता ‘इंडियन चाय’, आणि तो बिनदुधाचा. मग दुधाचा शोध सुरू झाला. इथल्या सुपरमार्केटात दुधासारखं दिसणाऱ्या डब्यांची एक अख्खी भिंत असते: सोया, बदाम, तांदूळ, ओट, काजू, वाटाणा. त्यांतल्या एकावरही ‘दूध’ असं लिहिलेलं नसतं. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला की जे जनावराच्या आचळातून आलं नाही त्याला दूध म्हणून विकायचं नाही. नारळाच्या दुधाला तेवढी सूट आहे. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “आमच्या गवळ्यावर कुणी खटला भरला नाही, तो तर पाणीच विकायचा.”

बदामाचं दूध आपल्या पद्धतीने उकळलं की त्याच्या कण्या होतात. सोयाच्या चहाला भिजवलेल्या डाळीचा वास राहतो, आलं कितीही ठेचा. ओटचं त्यातल्या त्यात बरं, पण त्याला उकळ्या काढायच्या नाहीत. अमृततुल्यवाल्यासारखं पातेलं वर-खाली करत आटवलं तर त्यात पोस्टर चिकटवायची खळ तयार होते. चहा, आलं, गवती चहा आणि वेलदोडा पाण्यात आधी नीट उकळून घ्यायचे, आच बंद करायची आणि मग ओट घालून नुसतं गरम करायचं. एक फायदा मात्र मोठा. गाई-म्हशीच्या दुधात गूळ घालून उकळलं की दूध फाटतं, म्हणून गुळाचा चहा करणारा प्रत्येक माणूस जीव मुठीत धरून गूळ शेवटी टाकतो. ओटमध्ये दुधातलं केसीनच नसतं, त्यामुळे फाटायची भीती नाही. सासूबाईंना हे दाखवलं. त्यांनी पातेल्यात बराच वेळ पाहिलं. “हे फाटत नाही, याला साय येत नाही, याचं विरजण लागत नाही. मग हे दिवसभर करतं काय?”

पुढची अडचण अशी की ओट व्हीगनला चालतं, पण ग्लूटेन न चालणाऱ्याला चालेलच असं नाही. ओटमध्ये गव्हाचं ग्लूटेन नसतं, पण ते शेतात, गाडीत आणि गिरणीत गव्हाच्या संगतीत वाढतं, आणि संगतीचे परिणाम सगळीकडे सारखेच. म्हणून वेगळं काढलेलं, तपासलेलं, डब्यावर तसं छापलेलं ओट घ्यावं लागतं. युरोपात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असेल तर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिता येत नाही. वीस मिलिग्रॅम म्हणजे किती हे मी सासूबाईंना दाखवायला गेले तर चिमटीत काहीच दिसेना. त्या म्हणाल्या, “तेवढं तर माझ्या बांगडीला लागलेलं असतं.” आणि त्यांनी बांगड्या घासायला काढल्या.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ग्लूटेन हे श्रीमंतांचं खूळ आहे असं म्हणणारे काका प्रत्येक मराठी घरात असतात. सीलिअ‍ॅक आजार खरा आहे. त्यात गव्हातल्या प्रथिनाने लहान आतड्याच्या अस्तराची नासाडी होते, मुलं खात राहतात आणि खंगत जातात. हे कोडं सोडवलं एका डच बालरोगतज्ज्ञाने. विलेम डिक्के हे त्यांचं नाव. गव्हावर त्यांचा संशय तिशीच्या दशकापासूनच होता. मग आला १९४४-४५ चा हिवाळा. जर्मनांनी अडवणूक केली, पश्चिम नेदरलँड्समध्ये पाव मिळेना, हजारो माणसं उपासमारीने मेली. आणि त्याच काळात या आजाराची मुलं, ज्यांनी आधी दगावायला हवं होतं, ती मात्र सुधारायला लागली. पाव परत आला आणि मुलं पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिक्केंनी उट्रेख्टला त्यावर प्रबंध लिहिला.

गंमत बघा, त्याच उपासमारीच्या हिवाळ्यात, नोव्हेंबर १९४४ मध्ये, तिकडे इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रांनी व्हीगन सोसायटी काढली. आणि आपला साबुदाणा? पूर्वी तो ताडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून केलेला, मलाया-जावाकडून यायचा. महायुद्धात जहाजं बंद झाली आणि तमिळनाडूत सेलमच्या आसपास कसावाच्या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. म्हणजे व्हीगन, ग्लूटेन-फ्री आणि एकादशीचा आजचा साबुदाणा ही तिन्ही एकाच युद्धाची भावंडं. हा शोध मी मोठ्या अभिमानाने घरात जाहीर केला. सासूबाई म्हणाल्या, “नवरात्रात असलं बोलू नये.”

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या मुलाला सीलिअ‍ॅक आहे. त्याची आई डच. बुरेनडाखच्या दोन दिवस आधी ती स्वयंपाकघर बघायला आली. अशा घरात टोस्टर वेगळा असतो, चाळणी वेगळी, लाकडी चमचे वेगळे, लोण्याची वाटीसुद्धा वेगळी, कारण पावावर फिरलेली सुरी लोण्यात गेली की संपलं. तिने विचारायला सुरुवात केली: हे पातेलं कशाचं? यात आधी काय केलं होतं? चपात्या कुठे लाटता? पीठ उडतं का? तेल तेच का, ज्यात भजी तळली? मी मध्ये उभी राहून भाषांतर करत होते, आणि भाषांतर करताकरता माझ्या लक्षात आलं की सासूबाईंचा चेहरा उजळत चाललाय. पन्नास वर्षं त्या एका अशा बाईच्या शोधात होत्या. उपासाची भांडी वेगळी, उपासाचा झारा वेगळा, कणकेचा हात उपासाच्या मिठाला लावायचा नाही, हे त्यांनी दोन सुनांना सांगून पाहिलं होतं. ती गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. “सून असावी तर अशी.”

आमच्या आजेसासूबाईंचं सोवळं मी ऐकलेलं आहे. त्यात कौतुक करण्यासारखं फार काही नव्हतं. त्या काळी माणसंच ओट्यापासून आणि उंबऱ्यापासून दूर ठेवली जात. या बाईचं सोवळं फक्त कणकेला लांब ठेवतं, म्हणजे मग पोराला सगळ्यांबरोबर बसता येतं. पण तंत्र सगळं तेच. इतकंच काय, इथल्या पाकिटांवर बारीक अक्षरांत ‘यात गव्हाचा अंश असू शकतो’ असं छापलेलं असतं. म्हणजे शिवलंय की नाही नक्की माहीत नाही, पण संशय आहे. आमच्या बेसनावर होतं. मेतकूटाच्या पुडीवर तर उघड गहूच होता. सगळ्यात मोठा धक्का हिंगाने दिला. बाजारातला बांधणीचा हिंग डिंक आणि पीठ घालून करतात, आणि ते पीठ बहुधा गव्हाचं असतं. युरोपात असे पदार्थ यादीत ठळक अक्षरांत छापायचा नियम आहे, त्यामुळे इथल्या डबीवर गहू लांबूनही दिसतो. सासूबाईंनी डबी चष्म्याशी धरली. “म्हणजे मी इतकी वर्षं आमटीला गव्हाची फोडणी देतेय?” कोथिंबीर वडी यादीतून बाद झाली.

पण एव्हाना आम्ही दोघी समजून चुकलो होतो की आपल्याला यादी करायची गरजच नाही. ती तयार आहे, फक्त तिचं नाव उपास आहे. गहू नाही, डाळ नाही, हिंग नाही, कांदा नाही, अंडं नाही. तुपाच्या जागी खोबरेल घातलं की व्हीगन. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं: जगातले पोषणतज्ज्ञ ज्या गोष्टी पाचपट भावाने विकतात त्या आमच्या फडताळात नऊ दिवसांसाठी बसलेल्या होत्या. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपण टिंगलीत म्हणतो. ते खरं तर केटरिंगचं धोरण म्हणून छापायला हवं.

सासूबाईंनी कागद घेतला. साबुदाणा वडे. राजगिऱ्याचे लाडू. दाण्याची चिक्की. दाण्याचं...

आणि थांबल्या. शेंगदाणे! पाचव्या घरातल्या मुलीला शेंगदाणा अजिबात चालत नाही. दाण्याच्या कुटाशिवाय उपास म्हणजे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात अजून कुणी विचारलेला नाही, कारण विचारण्याची हिंमत कुणाला झालेली नाही. खिचडीतलं कूट काढा, रताळ्याच्या किसातलं काढा, काकडीच्या कोशिंबिरीतलं काढा, लाडूतलं काढा. उरतो तो खरा उपास. मी तिळाचं सुचवलं. तीळही युरोपच्या चौदा अ‍ॅलर्जीवाल्या पदार्थांच्या यादीत आहे. मग त्यांना कोकणातल्या मामीचं घर आठवलं. तिथे ओलं खोबरं घालायचे. नारळ त्या चौदांत नाही. नारळाने आमची लाज राखली, आणि एरवीही तोच राखतो.

नारळ आणि किसायचा कसावा आणायला मी टोकोत गेले. टोको म्हणजे इथली सुरिनामी-इंडोनेशियन वाण्याची दुकानं. गवती चहाच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, कढीपत्त्याच्या पिशव्या, कच्ची केळी, सगळं तिथे. आमच्या मजल्यावरच्या सुरिनामी मावशी बरोबर होत्या. त्यांचे पूर्वज बिहारकडून गिरमिटिया म्हणून गेलेले. त्या मजुरांचं पहिलं जहाज, लाला रुख, ५ जून १८७३ ला पारामारिबोला लागलं. मावशींची सरनामी आणि सासूबाईंची पुणेरी हिंदी यांच्यात जे संभाषण होतं ते मला अर्धंच कळतं, पण त्या दोघींना पूर्ण कळतं. मावशींनी साबुदाण्याचा दाणा चावून पाहिला आणि म्हणाल्या, हा तर कसावा. मग शेंगदाणा, बटाटा, मिरची, रताळं, राजगिरा एकेक उचलून त्या सांगत सुटल्या की हे सगळं आमच्याकडचं, अमेरिकेच्या बाजूचं. ते खरंच आहे. कोलंबसानंतर पोर्तुगीज जहाजांतून जे जे आलं, त्यातलं बरंचसं आपण देवासमोरच्या पवित्र फराळात बसवलं. आपल्या उपासाच्या ताटातली बहुतेक मंडळी अमेरिकेतून आलेली, आणि त्यांच्याकडची रोटी आपल्याकडून गेलेली. सासूबाईंना मी हे भाषांतर करून सांगितलं नाही. नवरात्र चालू होतं.

मावशींनी बोयो करायचं ठरवलं. किसलेला कसावा, किसलेलं खोबरं, साखर, दालचिनी, मनुका, असा भाजलेला केक. मुळात अंडी असतात आणि रमचा इसेन्स असतो. अंड्याच्या जागी नारळाचं दूध गेलं आणि रमची रजा झाली. वडे तळायचे तर वासाने गॅलरी भरते, म्हणून मी नवं पोफर्चेसचं भिडं आणलं. पोफर्चेस म्हणजे डच लोकांचे छोटे फुगीर गोड घावन, आणि त्यांचं भिडं म्हणजे हुबेहूब आपलं आप्पेपात्र. जुन्या सामानाच्या दुकानात एक लोखंडी, छान मुरलेलं मिळत होतं, पण ते कशात मुरलेलं असणार हे उघड होतं. भिड्याचं चारित्र्य तपासून घेणारी मी बहुधा आमच्या घराण्यातली पहिली नव्हे, पाचवी-सहावी पिढी असेन.

शनिवारी तळमजल्याच्या सामाईक खोलीत टेबलं जोडली. साबुदाण्याचे खोबरं घातलेले आप्पे, गुळातले राजगिऱ्याचे लाडू, रताळ्याचे काप, नारळाच्या वड्या, बोयो. प्यायला ओटचा चहा, गवती चहाचा कोरा चहा, सासूबाईंच्या बॅगेतून आलेल्या कोकम आगळाचं सरबत. घानाच्या ताईंनी सोबोलो आणलं: लाल सुकी फुलं आल्या-लवंगांबरोबर उकळून थंड केलेलं. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “ही तर अंबाडीची बोंडं.” बरोबर होतं. विदर्भात लाल अंबाडीच्या बोंडांची चटणी आणि सरबत होतं, ते हेच झाड. त्या दोघींनी मग कोकम आणि सोबोलो एकत्र ओतून पाहिलं. त्याचं पुढे काही होऊ नये, असं माझं मत आहे. कुणीतरी दावेतही आणलं होतं, जावाच्या सुरिनामी लोकांचं नारळाच्या दुधाचं गुलाबी पेय, गवती चहाच्या वासाचं. ते मात्र मुलांनी पहिल्या दहा मिनिटांत संपवलं.

व्हीगन मुलीने लाडू हातात घेऊन विचारलं, “यात मध?” गूळ, मी म्हटलं. “मधमाशांचा काहीच संबंध नाही?” सासूबाईंनी मला विचारलं, ती काय म्हणते. मी सांगितलं. “जैन आहे का गं ही?” नाही, आई, व्हीगन. जैन दूध पितात. सासूबाई विचारात पडल्या. मग त्यांनी तिच्या पानात आणखी दोन लाडू घातले. देवाला न मानता एवढे नियम पाळणाऱ्या माणसाबद्दल त्यांच्या मनात आदर निर्माण झाला असावा. वरच्या मजल्यावरच्या मुलाने आपला घरून आणलेला डबा उघडलाच नाही. आप्प्यांची बशी मांडीत घेऊन बसला आणि दुसऱ्यांना देईना. त्याच्या आईने एकदा सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी झारा वर करून दाखवला. वेगळा.

साडेचारच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की टेबलाभोवतीची माणसं कमी झालीत. ओटचा चहा थर्मासमध्ये अर्धा तसाच होता. आतल्या छोट्या स्वयंपाकघरातून आल्याचा, वेलदोड्याचा आणि दुधाचा, खऱ्या दुधाचा वास येत होता.

झालं असं होतं की ओट हे धान्य. धान्य उपासाला चालत नाही. सगळ्यांच्या याद्या सांभाळता सांभाळता सासूबाईंची यादी कुणी विचारलीच नव्हती. त्यांनी स्वतःपुरतं एक पातेलं आणून, दूध आटवून, आपला चहा ठेवला होता. वास बाहेर गेला आणि एकेक जण आत आला. घानाच्या ताई. मावशींचे यजमान. व्हीगन मुलीचा मित्र, जो दरवाज्याकडे सारखा बघत होता. माझा नवरा, जो आदल्या रात्री ओट-चहाचं भाषण सगळ्यात जास्त मनापासून करत होता. रांगेच्या टोकाला पहिल्या मजल्यावरचे नव्वदीचे डच आजोबा, काठी टेकून उभे.

“विचार गं यांना,” सासूबाई कप भरत म्हणाल्या, “यांना काय काय चालत नाही?”

मी विचारलं. आजोबांनी कप आधी हातात घेतला आणि मग सांगितलं की त्यांना सगळं चालतं. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात ते नऊ वर्षांचे होते. तेव्हा आईने ट्यूलिपचे कंद शिजवून घातले होते. त्यानंतर त्यांनी पानातल्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हटलेलं नाही.

मी भाषांतर केलं. सासूबाईंनी त्यांच्या बशीत एक नारळाची वडी ठेवली.

“कंद ना?” त्या म्हणाल्या. “मग उपासाला चालत असतील.”